पाझरावरचा मांडव

आमच्या घरमालकांनी उभ्या जन्मात स्वतःच्या परसातली भाजी खाल्ली नाही. सगळ्या गल्लीला ते दोडके, कारली, दुधी वाटायचे आणि स्वतः भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन बसायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, काही पथ्य असेल. एक दिवस सरळ विचारलं.

ते म्हणाले, "माय, ज्यांच्याम्होरं तीस वर्षं हात बांधून उभा राह्यलो, त्यांना आता चावून खाऊ का?"

मला काही कळलं नाही. पुढं कळलं.

ते तहसील कचेरीत चपराशी होते. गाव त्यांना जमादार म्हणायचं, मी जमादारमामा म्हणायचे. साहेबाच्या दाराशी उभं राहायचं, आतून घंटी वाजली की आत जायचं, बाहेर कुणी आलं की थांबवायचं. तीस वर्षं एवढंच. नोकरी संपल्यावर त्यांनी परसात वेल लावले आणि एकेका फळाला एकेका साहेबाचा हुद्दा दिला. मोठा दुधी म्हणजे तहसीलदार. त्याच्या शेजारचा गिरदावर, म्हणजे गावोगावची दफ्तरं तपासणारा. कारलं कडू, म्हणून ते पोलिसातले अमीनसाहेब. पडवळ लांबच लांब आणि आत पोकळ, ते पेशकार, साहेबापुढं कागद ठेवणारे. सकाळी उठून मांडवाखाली फिरताना त्यांचं बोलणं आमच्या खोलीत ऐकू यायचं.

"काय गिरदावर, काल व्हता तेवढेच हाव की. खाऊन काय करून राह्यले?"

"अमीनसाहेब, तिकडं कुठं? दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नका. इकडं या, इकडं."

फळ काढायला झालं की विळ्यानं देठ कापायचे, दोन्ही हातांत धरून कुणाच्या तरी दाराशी न्यायचे आणि सांगायचे, "तहसीलदारसाहेबांची बदली झाली. तुमच्या घरी." बायका हसायच्या. ते हसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारायचे, कशात घातलं, शिजायला किती वेळ लागला. चांगलं झालं म्हटलं की मान हलवायचे. "मानूस वाईट नव्हताच तो," म्हणायचे.

घर भोकरदनला होतं. माझा नवरा शिंपी. पुढच्या ओट्यावर त्याचं मशीन असायचं, बाजाराची वाट ओट्यावरूनच जायची. मागं एक खोली आमची, आणि तिचं दार उघडलं की परस. घर उतारावर होतं. वरच्या अंगाला गावतळं. तळ्याचं पाणी भुईखालून झिरपत यायचं आणि नेमकं आमच्या परसात वर निघायचं. उन्हाळ्यात लोकांच्या आडांना तळ दिसायचा, तेव्हाही आमच्या परसात पाऊल रुतायचं. मधोमध घोटाभर पाण्याचं डबकं होतं, ते कधी आटलं नाही. जमादारांनी त्या ओलीवर बाभळीच्या मेढी रोवून तुराट्यांचा मांडव घातला होता. डबक्याच्या कडेनं चमकोरा, म्हणजे अळू, कमरेएवढा. काट्यांच्या कुपाटीला घेवडा. ते चोवीस तास अनवाणी, त्या चिखलात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असायच्या, त्यावर मेंदी वाटून लावायचे. म्हाताऱ्याचे पाय नवरीसारखे लाल.

मला स्वप्नं फारशी पडत नाहीत, पडली तरी सकाळी आठवत नाहीत. पण ते परस आठवायला लागलं की जागेपणीच तसं काहीतरी होतं. कोणती गोष्ट कोणत्या सालची ते कळेनासं होतं. सगळं एकाच लांब दुपारी घडल्यासारखं वाटतं. वर पानं इतकी दाट, की ऊन खाली येईपर्यंत हिरवं व्हायचं. भांडी घासताना माझे हात हिरवे दिसायचे, राख हिरवी दिसायची. पडवळ सरळ वाढावं म्हणून जमादार त्याच्या टोकाला खडा बांधायचे. असे दहा-बारा खडे मांडवाखाली लोंबत असायचे, वारा नसला तरी हळूहळू फिरायचे, आणि खाली पाण्यात त्यांचे दहा-बारा जोडीदार फिरायचे. चमकोऱ्याच्या पानावर थेंब या कडेपासून त्या कडेला घरंगळत राहायचा, पडायचा नाही. मी त्याच्याकडे बघत बसले की नवऱ्याची ओट्यावरची हाक मला दुसऱ्या गावाहून आल्यासारखी ऐकू यायची. संध्याकाळी दोडक्याची फुलं उमलायची, पिवळी, एकदम सगळी. त्या वेळी जमादार डबक्याशी एका दगडावर बसायचे आणि काहीच करायचे नाहीत.

"उभं राहून राहून तीस वर्षं गेली," ते एकदा म्हणाले. "आता मी बसतो, साहेब लोकायनी लटकावं."

बुजगावण्याला त्यांनी आपला कचेरीतला लाल पट्टा आणि पितळी बिल्ला घातला होता. कुणी म्हटलं, जमादार, सरकारचा बिल्ला असा लावता का? तर म्हणाले, "पाखरं बी कचेरीला भेत्यात. बराबर काम करून राह्यला तो."

त्यांचा एकच नियम कडक. कोवळ्या फळाकडं सरळ बोट दाखवायचं नाही. दाखवलं की फळ कुजतं. बोट मोडून, पेर पुढं करून दाखवायचं. ही समजूत तेव्हा घरोघरी होती, मीही अजून तसंच करते. पण जमादारांनी ती खुद्द तहसीलदारांनाही लावली. नवे तहसीलदार आले होते, तरुण होते. म्हाताऱ्या चपराशाची बाग बघायला म्हणून मांडवाखाली वाकून आत आले, आणि एका दुधीच्या कळीकडं बोट करून म्हणाले, "ये कितना बड़ा होता?"

जमादारांनी झडप घालून त्यांचं बोट धरलं आणि दुमडलं. "हुजूर, उंगली मोड के. सीधी दिखाए तो सड़ जाता."

मी दारात उभी होते. तहसीलदारांच्या अंगाला हात लावलेला माणूस मी तेव्हापर्यंत पाहिला नव्हता. पण तहसीलदार मांडवाखाली तसेच बोट दुमडून उभे राहिले, बाग बघून होईपर्यंत, आणि जे दाखवायचं ते पेरानं दाखवलं. ते गेल्यावर जमादार तीन दिवस त्या कळीवर नजर ठेवून होते. ती कुजली नाही. "हुकूम मानला त्यानं," एवढंच म्हणाले. त्या दुधीला मात्र त्यांनी कुठलाच हुद्दा दिला नाही.

माझी पहिली मुलगी त्या परसाकडच्या खोलीत तापानं गेली. अडीच वर्षांची होती. श्रावण होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर जमादार. बुजगावण्याचा पट्टा काढून त्यांनी स्वतःच्या अंगावर घातला होता, बिल्ला चिंचेनं घासला होता. कचेरीत उभे राहायचे तसे हात बांधून उभे. भेटायला येणाऱ्या बायकांना त्यांनी दारातच अडवलं. शेजारची कासारीण तोंडानं फटकळ, ती म्हणाली, "सरका की जमादार. पोरीच्या आईला भेटायचंय."

"आत्ता न्हाई. हुकूम न्हाई."

"कुनाचा हुकूम?"

"आतलीचा."

मी काही हुकूम दिला नव्हता. पण त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून कुणी रडलं नाही, आणि मला भिंतीकडं तोंड करून पडून राहता आलं. दिवस मावळेपर्यंत ते पाण्याच्या घोटासाठीही हलले नाहीत. अंधार पडल्यावर पट्टा परत बुजगावण्याला घातला. दुःखात माझं भलं झालं असेल तर ते एवढंच.

पुढं मुलगा झाला. तो दोन वर्षांचा झाला आणि आषाढात त्यालाही ताप आला. एक दिवसाआड, ठरल्या वेळी, आधी हुडहुडी आणि मग अंग भट्टी. मला तो ताप ओळखू आला. मी नवऱ्याला म्हटलं, इथून निघू.

"दुकान ओट्यावर हाय," तो म्हणाला. "ओटा काय डोक्यावर घिऊन जाता येतो?"

सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर कुनैनच्या कडू गोळ्या घेऊन घरी आला. म्हातारा माणूस होता, दाढी पांढरी. त्यानं पोराचं पोट दाबून बघितलं, मग परसाचं दार उघडलं आणि डबक्याशी जाऊन बसला. ओंजळीत पाणी घेऊन मला दाखवलं. त्यात बारीक किडे वळवळत होते.

"देखो बाई. मच्छर इसीच में पैदा होते. दवा मैं देता, पन ये पानी तुम निकालो. नहीं तो ये बच्चा भी..."

जमादार मांडवाखालीच होते. म्हणाले, "मच्छर तर कचेरीत बी हायती. मंग कचेरी खांदून काढता का?"

कंपाउंडर हसला आणि गेला. मी गेले नाही. मी म्हटलं, "जमादारमामा, चर काढा. पाणी ओढ्याला जाऊ द्या."

बराच वेळ ते त्या दगडावर बसून पायाच्या अंगठ्यानं पाणी ढवळत राहिले. "दुसरं काय बी सांग माय," शेवटी म्हणाले. "वेल मुळाशी पान्यात हाय म्हनून हाय. पानी काढलं तर ह्ये सगळं महिन्यात जाईल. मंग मी सकाळी उठून कुठं जाऊ? परत कचेरीच्या दाराशी?" आणि उठून त्यांनी त्याच दिवशी खोल्या बदलल्या. आपली पुढची कोरडी खोली आम्हाला दिली, परसाकडच्या ओलीत स्वतः राहायला गेले. आमची चूल त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून आणली.

मला त्यांचा राग आला नाही. पण ताप खोली बदलली म्हणून थांबला नाही. पोराचे हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट तेवढं पुढं.

नागपंचमी आली. पंचमीला भुई खणत नाहीत, नांगरत नाहीत. विळी मांडत नाहीत, तवा ठेवत नाहीत. त्या दिवशी भुईत कुदळ घातली तर नागाची पिल्लं मरतात आणि नागीण खणणाऱ्याची लेकरं घेऊन जाते. ही कहाणी सगळ्यांना पाठ. जमादार तर त्या दिवशी परसात पाऊल टाकायचे नाहीत. "बघितलं तर कुदळीला हात जाईल," म्हणायचे आणि दिवेलागणीपर्यंत मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे. वर्षातला तो एकच दिवस परस मोकळं असायचं.

नवरा कापडासाठी जालन्याला गेला होता. दुपारी गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन गाणी म्हणत वारुळाकडं निघाल्या. कासारणीनं हाक मारली. मी म्हटलं, पोराची आज तापाची पाळी आहे, येत नाही. ते खरंच होतं. तो झोळीत पडला होता, थंडी येऊन गेली होती, अंग तापायला लागलं होतं. मी झोळीला दोन झोके दिले, मागं गेले आणि भिंतीला लावलेली जमादारांची कुदळ उचलली.

नागिणीचा विचार मी केला नाही असं नाही. केला. पण नागीण नेईल तेव्हा नेईल, ताप आताच नेऊन राह्यला होता.

डबक्यापासून कुपाटीपर्यंत वीस-पंचवीस हात अंतर होतं. पलीकडं ओढा. माती काळी, चिकट, कुदळ घातली की सुटायची नाही. वरून कारल्याची वाळकी फुलं पाठीवर पडत होती. मी निम्म्यापर्यंत आले असेन. मागं वळून बघितलं तर चरात पाणी आलं होतं आणि तिथंच बसलं होतं. हलेना. एका डबक्याची दोन डबकी झाली होती. मी आणखी खोल घाव घातले. पाणी आणखी आलं आणि आणखी बसलं.

"पानी वर चढतं का, माय?"

जमादार कुपाटीच्या फाटकात उभे होते. देवळात त्यांना दिवसभर बसवलं नव्हतं.

माझे हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, "चढो न्हाई तर न चढो. मी थांबनार न्हाई. घराबाहेर काढायचं तर काढा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी पुढच्या खोलीकडं कान दिला. पोरगं तापात एका सुरात कण्हत होतं.

"आज पाळी हाय का त्याची?"

"हाव."

ते आत आले. पंचमीच्या दिवशी, परसात. माझ्या हातातली कुदळ त्यांनी घेतली. "सरक. तू धरलीस ती वाट चढाची हाय. त्याची वाट इकडून, कारल्याच्या बुडातून." मांडवाच्या सगळ्यात दाट कोपऱ्याकडं ते गेले. "मला ठावं हाय. म्याच तिथं धोंडा घालून आडवलंय."

कारल्याची मुळं त्यांनी तीन घावांत तोडली. त्या वेळी त्यांच्या तोंडातून अमीनसाहेब आला नाही, काहीच आलं नाही. मी पाटीनं माती काढत गेले. धोंडा लागला तो आम्ही दोघांनी मिळून उपसला. ते कुपाटीपर्यंत सरळ रेघ मारल्यासारखं खणत गेले, मग माघारी येत माझा चरही बुजवत आले. मग कुदळ टेकून उभे राहिले.

पाणी आधी थबकलं. मग झोपेतून उठल्यासारखं हललं आणि निघालं. आवाजसुद्धा फार नव्हता. चमकोऱ्याची पानं एकदा थरथरली. डबकं कडेनं आत आत येत गेलं. पडवळांचे खडे वर तसेच फिरत होते आणि खालचे त्यांचे जोडीदार एकेक करून चिखलात विझत गेले. आम्ही दोघं बघत उभे होतो. किती वेळ, सांगता येत नाही. मला वाटतं त्या वेळी आम्ही दोघंही तिथं नव्हतो.

मग गाणी ऐकू आली. वारुळाहून बायका ओढ्याच्या वाटेनं परत येत होत्या. ओढ्यात काळं पाणी येताना दिसलं म्हणून कासारीण कुपाटीवरून डोकावली.

"अगं बया! पंचमीला भुई! कुनी खांदली?"

तिनं माझे हात बघितले. मी तोंड उघडलं. जमादार माझ्या पुढं येऊन उभे राहिले, दारात उभे राहायचे तसे.

"म्या खांदली."

"आन ही?"

"हिला म्या बलावलं. पाटी उचलाया. कुदळ माझी हाय, हात माझा हाय."

"जमादार, आज पंचमी हाय! नागीण लेकरं नेती!"

"तर माझी नेऊ दे," जमादार म्हणाले.

जमादारांची बायको केव्हाच वारली होती आणि त्यांना लेकरू झालं नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

भादव्यात माझ्या मुलाचा ताप गेला. चर काढल्यानं गेला की कुनैननं, मला माहीत नाही, आणि मी ते कधी कुणाला विचारलं नाही. मांडव मात्र जमादार म्हणाले होते तसाच महिन्यात पिवळा पडला. कुपाटीचा घेवडा आणि दोन दुधी तेवढे तगले. पण त्यांच्या हातची भाजी घ्यायला कुणी तयार होईना. पंचमीला फोडलेल्या भुईतलं, म्हणून बायका दार लोटून घ्यायच्या. ते दुधी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. मी एकटी घ्यायचे आणि रांधायचे. दुसऱ्या दिवशी ते विचारायला यायचे, तेव्हा मी सांगायचे, चांगलं झालं होतं.

पाच वर्षांनी ते गेले. साधा खोकला होता, तो छातीत उतरला. भेटायला जमलेल्या बायका म्हणाल्या, पंचमीची भुई बाधली. मी त्यांच्यातच बसले होते. माझा मुलगा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. मी काही बोलले नाही. त्यानंतरही कधी बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. जमादारांनी जे आपल्यावर घेतलं ते मी माघारी मागितलं असतं, तर नागीण माझं दार चुकली नसती. मी अशी काही भोळी नाही. पण तो धोका मी घेतला नाही.

माझा मुलगा गेल्या वर्षी वारला. सत्तरीचा होता, मधुमेह होता, पथ्य पाळत नव्हता. मला तेवढाच. नातवंडं आहेत, पण पंचमीच्या कहाणीत नातवंडांचं काही म्हटलेलं नाही, मी नीट आठवून बघितलं. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पंचमीला भुई मी खणली. जमादारांनी तिला उतार दिला.